मान पुरे, धन मोजा

हरभऱ्याचं रोप दीड-दोन फुटांत संपतं. खोड नाजूक, फांद्या जमिनीलगत. त्या फांद्या जास्त फुटाव्यात म्हणून शेतकरी महिनाभराच्या पिकाचे शेंडे स्वतःच्या हाताने खुडतो आणि त्या शेंड्यांची भाजी घरात शिजते. म्हणजे या पिकाने वर जाऊ नये, पसरावं, हीच त्याची निगा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने यंत्राने कापणी करता यावी म्हणून ‘फुले विक्रम’ हा उंच वाण काढला, त्याच्यावरही शेरडाचं करडू चढू शकणार नाही. आणि कुणाची वाहवा करून त्याच्याकडून काम काढून घ्यायचं असेल, तर मराठी माणूस त्याला याच रोपावर चढवतो. रोपाला झाड म्हणायचं, त्या झाडावर माणूस बसवायचा आणि आपण खाली उभं राहून घाटे तोडायचे.

हा वाक्प्रचार हल्ली सर्रास चुकीचा वापरला जातो. ‘अमुक नेते हरभऱ्याच्या झाडावर चढलेत’, म्हणजे त्यांना गर्व झालाय, असं लिहिणारे बातमीदार मी रोज वाचते. गर्वासाठी मराठीत शब्दांची वाण नाही: माणूस शेफारतो, माजतो, फुशारतो, त्याच्या डोक्यात हवा जाते. हरभऱ्याच्या झाडावर मात्र कुणी आपला आपण चढत नाही, त्याला कुणीतरी चढवतो. चढवणारा नसेल तर तो वाक्प्रचारच नाही. आणि चढवणाऱ्याचं काही काम अडलेलं नसेल, तरीही नाही. मोकळ्या मनाने केलेल्या कौतुकाला कुणी हरभऱ्याचं झाड म्हणत नाही.

आपल्याकडे खुशामतीवर खूप लिहिलं जातं, पण ते सगळं एकाच दिशेच्या खुशामतीवर. मस्का लावणारा कारकून, साहेबाच्या पुढे-मागे करणारा चमचा, नेत्याच्या वाढदिवसाला चौक फ्लेक्सने झाकून टाकणारा कार्यकर्ता. मस्का खालून वर लावतात. लांगूलचालनातही शेपटी हलते ती लहानाची, मोठ्यापुढे. या मंडळींवर विनोद होतात, व्यंगचित्रं निघतात, आणि ते ठीकच आहे. पण त्यांच्या खुशामतीने नुकसान होतं ते बहुधा साहेबाच्या अकलेचं. दुसरी खुशामत वरून खाली येते. सत्ता, पैसा, पद ज्याच्याकडे आहे तो, ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याची स्तुती करतो, कारण त्याला काम हवंय आणि कामाचे पैसे द्यायचे नाहीत. हरभऱ्याच्या झाडावर चढवणं हे क्रियापद मला या दुसऱ्या खुशामतीसाठी राखून ठेवावंसं वाटतं. तिच्यावर पुरेसं कुणी बोलत नाही, आणि तिने पोटं मारली जातात.

आशाताईंचं उदाहरण घ्या. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक ‘आशा’ नेमायचं ठरलं. गावातलीच बाई, शक्यतो विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता, वय 25 ते 45. कागदोपत्री ती कर्मचारी नाही. ती ‘मानद स्वयंसेविका’ आहे. हा शब्द कागदावर चढला त्याच दिवशी तिचा पगार, भविष्यनिर्वाह निधी, रजा, निवृत्तिवेतन सगळं पुसलं गेलं. स्वयंसेविकेला पगार कसा द्यायचा? तिला कामागणिक मोबदला. ग्रामीण भागात गरोदर बाईला संस्थेतल्या बाळंतपणापर्यंत पोचवण्याचे 600 रुपये: 300 गरोदरपणातल्या तपासण्या झाल्याचे, 300 दवाखान्यात बाळंतपण झाल्याचे. त्यानंतर पहिल्या 42 दिवसांत बाळाच्या घरी सहा भेटी, बाळंतपण घरी झालं असेल तर सात. बाळाचं वजन करायचं, ताप पाहायचा, आई नीट पाजते का ते पाहायचं, धोक्याची लक्षणं दिसली तर दवाखान्यात न्यायचं. या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये. एका भेटीला 42 रुपयेही पडत नाहीत. वस्ती डोंगराच्या पलीकडे असली तरी तेवढेच.

नऊ महिने ती ज्या बाईच्या मागे फिरली ती ऐनवेळी माहेरी गेली, तर बाळंतपणाची नोंद माहेरच्या गावात. नियमित कामांसाठी केंद्राकडून मिळणारी ठरावीक रक्कम 2018 च्या ऑक्टोबरात महिना 1000 वरून 2000 झाली. आणि तिची कामं पाहा: कुष्ठरोगाचं सर्वेक्षण, क्षयरोग्याला औषध, जंतनाशक गोळ्या, लसीकरणाच्या दिवशी बाळं गोळा करणं, रजिस्टरं भरणं. ही बाई ‘स्वयंसेविका’ आहे असं जो म्हणतो, त्याने एक आठवडा तिच्यामागे चालून दाखवावं.

मग करोना आला. 22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता सगळ्या देशाने टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. 3 मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर फुलं उधळली. ‘करोना योद्धा’ हा शब्द आला. तेव्हा आशाताई काय करत होती? दारोदार जाऊन ताप विचारत होती. शहरातून परतलेल्यांच्या याद्या करत होती. विलगीकरणात राहायला नकार देणाऱ्या घरांचे शिव्याशाप ऐकत होती. सप्टेंबरात राज्याने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम काढली तेव्हा घरोघरी तापमान आणि ऑक्सिजन मोजायला तीच होती. या सगळ्याचा केंद्राने ठरवलेला जादा मोबदला महिना 1000 रुपये. दिवसाला सुमारे 33. तिच्यासाठी 50 लाखांचं विमा कवच होतं हे खरं, पण ते तिच्या मृत्यूनंतरचं. जिवंत बाईच्या कामाची किंमत 33 रुपये रोज अशीच होती.

फुलं उधळणाऱ्या लोकांच्या भावनेवर माझा संशय नाही. बाल्कनीत उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या बऱ्याच जणांचे डोळे खरोखर भरून आले होते. राग आहे तो त्या टाळ्यांचा उपयोग करून घेणाऱ्यांवर. योद्धा म्हटलं की माणूस तक्रार कशी करणार? योद्धा हातमोजे मागतो का? योद्धा बिल लावतो का? शब्द जितका मोठा, तितकं मागणाऱ्याचं तोंड लहान करायची सोय. चढवण्याचा खरा उपयोग हाच: वर बसवलेल्या माणसाला खाली हात पसरता येत नाही.

आशाताईंनी तरीही तो हात पसरला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. जून 2021 मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना, राज्यातल्या सुमारे 70 हजार आशा संपावर गेल्या. लगेच सूर उमटला: संकटाच्या काळात यांना असं सुचतं कसं? कालपर्यंत योद्ध्या, आज अडवणूक करणाऱ्या. आठवडाभराहून जास्त संप चालला तेव्हा महिना 1000 रुपये वाढ आणि 500 रुपये करोना भत्ता मिळाला. पुढल्या वर्षी, 22 मे 2022 ला, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांना ‘ग्लोबल हेल्थ लीडर्स’ पुरस्कार दिला. पुरस्कार योग्यच होता. ज्यांनी दिला त्यांच्याकडे या बायकांचं वेतन ठरवण्याचा अधिकार नव्हता. तो ज्यांच्याकडे होता त्यांनी अभिनंदनाचे संदेश लिहिले. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याच पुरस्कारप्राप्त बायका महाराष्ट्रात पुन्हा संपावर होत्या. आश्वासन मिळालं, शासन निर्णय निघेना, म्हणून जानेवारी 2024 मध्ये पुन्हा संप. गावातल्या संसाराची व्यवस्था लावून आलेल्या बायका मुंबईत आझाद मैदानावर उघड्यावर झोपल्या. मार्चमध्ये मानधनात दरमहा 5000 रुपयांच्या वाढीचा निर्णय निघाला. टाळ्या, फुलं, जागतिक पुरस्कार यांतून जे आलं नाही ते मैदानात बसून आलं.

एक शब्द मात्र अजून तसाच आहे: मानधन. पगार म्हणा, वेतन म्हणा, मजुरी म्हणा, प्रत्येकाच्या मागे कायदा उभा राहतो. मानधनामागे काहीच उभं राहत नाही. ‘मान’ पुढे लावला की ‘धन’ किती हे विचारणं असभ्य ठरतं. हे सोंग आपण सगळीकडे चालवलं. महाराष्ट्राने 2000 साली ‘शिक्षणसेवक’ योजना आणली. शिक्षक म्हणून पूर्ण काम, पूर्ण वर्ग, पूर्ण जबाबदारी, पण पहिली तीन वर्षं ‘सेवक’ आणि मानधन. प्राथमिक शिक्षणसेवकाला वर्षानुवर्षं महिना 6000 रुपये मिळत राहिले. डी.एड. झालेला, घरापासून दोनशे किलोमीटरवर नेमणूक मिळालेला मुलगा त्यात खोलीचं भाडं देणार, जेवणार आणि घरी काय पाठवणार? 2023 मध्ये ते 16 हजार झालं. मधल्या प्रत्येक 5 सप्टेंबरला त्याच मुलाने आपल्या व्यवसायाचं पावित्र्य सांगणारी भाषणं ऐकली. गुरूला देव म्हणणाऱ्या समाजाने त्या देवाला रोजगार हमीच्या मजुराइतकेच पैसे दिले, आणि देवाने काही बोलू नये अशी अपेक्षा ठेवली.

शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणतात, ‘जगाचा पोशिंदा’ म्हणतात. ज्याच्या रोपाचा हा वाक्प्रचार, त्यालाच त्या रोपावर बसवलं आहे. 2024-25 च्या रब्बीतल्या हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला 5650 रुपये जाहीर झाला, पण त्या भावाने सगळा माल घेण्याचं बंधन कायद्याने कुणावरही नाही. राजाला राजा म्हणायला सगळे तयार, त्याचा माल लेखी भावाने घ्यायला कुणी नाही.

शहरातल्या मुलांची गोष्ट आणखी नवी. पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन पावसात दुचाकी हाणणारा मुलगा कामगार नाही, तो ‘पार्टनर’ आहे. भागीदाराला नफ्यातला वाटा मिळतो, हिशेबाच्या वह्या पाहता येतात. याला दोन्ही नाही. पेट्रोल त्याचं, गाडी त्याची, अपघात त्याचा. ‘पार्टनर’ म्हटल्याने कंपनीचं एकच काम होतं: तिला मालक म्हणता येत नाही. राजस्थानने 2023 मध्ये या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. कार्यालयांत ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ असं सांगणारे साहेब या कंपन्यांच्याच जातीचे. कुटुंबात जादा तासांचे पैसे मागत नाहीत, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. नोकरकपातीच्या दिवशी कुटुंब कुठे जातं, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

आणि साहित्य-संस्कृतीच्या क्षेत्रातल्या आपण लोकांनी नाक वर करू नये. व्याख्यानाला बोलवायचं, ‘आपल्यासारख्या विचारवंतांची समाजाला गरज आहे’ असं पत्रात लिहायचं आणि शेवटी शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. मंडपवाल्याचे पैसे दिले जातात, ध्वनिक्षेपकवाल्याचे दिले जातात, चहावाल्याचे दिले जातात. फक्त ज्याच्या बोलण्यासाठी हा खटाटोप केला त्याचे नाहीत. तरुण चित्रकार, छायाचित्रकार, अनुवादक यांना तर ‘व्यासपीठ मिळेल’ एवढंच सांगितलं जातं. व्यासपीठावर भाकरी भाजता येत नाही. नवख्या मुलीकडून आठवडाभर पुस्तकाचं मुखपृष्ठ करून घ्यायचं आणि ‘तुझं भविष्य उज्ज्वल आहे’ म्हणायचं, ही वागणूक मराठी प्रकाशनव्यवहारात इतकी रुळली आहे की तिला चोरी म्हटलं तर माणसं दुखावतात. दुखावू देत.

घर तर या क्रियापदाची शाळाच आहे. ‘तुझ्या हातच्या पुरणपोळीची सर कशालाच नाही’ हे वाक्य प्रेमाने म्हटलं जातं, आणि ते म्हणणारा ताटावरून उठून ताट तिथेच ठेवतो. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळवापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज 289 मिनिटं वेळ जातो, करणाऱ्या पुरुषांचा 88 मिनिटं. जवळपास पाच तास आणि दीड तास. या सव्वातीन तासांच्या फरकावर आपण ‘सुगरण’, ‘अन्नपूर्णा’, ‘घरची लक्ष्मी’ असे शब्द अंथरले आहेत. लक्ष्मी म्हणायचं आणि बँकेचं पासबुक आपल्या नावावर ठेवायचं. सासूबाई नव्या सुनेला ‘आता हे घर तूच सांभाळायचं’ म्हणतात तेव्हा किल्ल्यांचा जुडगा क्वचितच पुढे येतो. पुढे येते ती कणकेची परात.

मग कौतुक करूच नये का? करावं, भरभरून करावं. काम करणाऱ्याला आपलं काम कुणी पाहिलं हे कळणं ही भुकेइतकीच खरी गरज आहे. पण खरं कौतुक ओळखता येतं. खऱ्या कौतुकाला तपशील ठाऊक असतो. ‘नारीशक्तीला वंदन’ म्हणणाऱ्याला त्या शक्तीच्या कामाचा एकही तपशील सांगता येत नाही. ‘वरच्या पाड्यावरची चारही बाळं तुम्ही आणलीत म्हणून यंदा गोवराची लस पूर्ण झाली’ असं म्हणणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना मात्र काम माहीत असतं. असे डॉक्टर आहेत. आशाताईंशी बोललात तर त्या त्यांची नावं आदराने घेतात, आणि बहुधा पुढच्याच वाक्यात सांगतात की ते बिलांवर वेळेवर सही करतात. कौतुक आणि सही एकाच हातून आली की त्या कौतुकाला कुणी हरभऱ्याचं झाड म्हणत नाही.

झाडावर चढायला नकार देणारेही आपल्याकडे आहेत. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी सफाई कामगारांना ‘स्वच्छतादूत’ ही पदवी फुकट मिळत होती. त्यांना पदवी नको होती, मस्टरवर नाव हवं होतं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण नेलं आणि एप्रिल 2017 मध्ये 2700 कामगारांना कायम करण्याचा आदेश मिळवला. दूत म्हणवून घेण्यापेक्षा नोकर म्हणून हक्क मिळवणं त्यांनी पसंत केलं. त्यांचं म्हणणं साधं होतं, आणि ते बरोबर होतं.

त्याहून नेमकी गोष्ट 25 एप्रिल 2022 ची. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटी मिळावी की नाही, या गुजरातमधून आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि अभय ओक यांनी ‘मिळावी’ असा निकाल दिला. सरकारी बाजूचा युक्तिवाद ओळखीचा होता: या बायकांना वेतन नसतं, मानधन असतं. न्यायमूर्ती ओक यांनी तो फेटाळला. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातली वेतनाची व्याख्या या मानधनालाही लागू पडते, असं त्यांनी निकालात नोंदवलं. 1975 पासून, म्हणजे एकात्मिक बालविकास योजना सुरू झाल्यापासून, ज्या शब्दाच्या आडोशाने लाखो बायकांचे हक्क नाकारले गेले, त्याचा आडोसा निदान एका कायद्यापुरता मोडला. ठाण्यात, मुंबईत वकिली करत वर गेलेल्या एका मराठी न्यायाधीशाने ते केलं, याचा मला अभिमान वाटतो. ‘मानधन’ हा शब्द शासन निर्णयांत लिहिणारे अधिकारीही मराठीच आहेत. त्यांनी हा निकाल मेजावर ठेवावा.

कारण बाकीचं काम शिल्लक आहे. मे 2013 मध्ये 45 व्या भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती की आशा, अंगणवाडी, मध्यान्ह भोजन अशा योजनांवर काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या, किमान वेतन द्या, सामाजिक सुरक्षा द्या. परिषदेत सरकार होतं, मालक होते, कामगार संघटना होत्या. 2015 मध्ये 46 व्या परिषदेने तेच पुन्हा सांगितलं. केंद्रातलं सरकार बदललं, राज्यातली सरकारं तर किती वेळा बदलली, आणि आशाताई अजून मानद स्वयंसेविकाच आहे. मार्च जवळ आला की जिल्हा परिषदांच्या सभागृहांत महिला दिनाची तयारी सुरू होते: गुलाबी फेटे, प्रशस्तिपत्रकं, पाहुण्यांच्या हस्ते सत्कार. यंदा कार्यक्रमपत्रिकेतली सत्काराची ओळ खोडा. तिथे ‘आशा कार्यकर्तींची थकीत बिलं अदा करणे’ असं छापा, आणि पाहुणे येण्याआधी ते काम उरका.